एका शब्दाइतकी जागा

मयताचे नाव : देवराव झाडे, व्यवसाय टंकलेखन, इंग्रजी व मराठी, राहणार हिंगणघाट. बातमी कळल्याचा दिवस : पोळ्यानंतरचा पहिला सोमवार, तहसील कचेरी उघडण्याच्या सुमारास. घटनेचे ठिकाण : राहते घर, खिडकीजवळची खुर्ची. बातमी आणणारी : शांताबाई, कचेरीच्या आवारातील चहावाली. साक्षीदार : प्रस्तुत लेखक गुलाबराव, अर्जनवीस, मयताच्या टेबलाला टेबल लावून सव्वीस वर्षे बसलेला. तक्रार कोणाविरुद्ध, या रकान्यात मी माझेच नाव लिहीत आहे. लिहिणारा आणि गैरअर्जदार एकच असल्याचे हे माझ्या कारकिर्दीतील पहिले प्रकरण आहे, त्यामुळे मांडणीत काही उणे राहिल्यास वाचकांनी सांभाळून घ्यावे.

त्या सोमवारी शांताबाई नेहमीप्रमाणे दोन ग्लास घेऊन आली. एक माझ्यापुढे ठेवला आणि दुसरा हातातच धरून उभी राहिली. मी म्हणालो, "त्याच्या टेबलावर ठेव ना, येईलच आता." ती म्हणाली, "देवरावभाऊ आता नाई येत. शेजारच्यानं सकाळी दार वाजवलं, तं खुर्चीतच बसून होते. अंग थंड." एवढे बोलून ती त्या ग्लासातला चहा जमिनीवर ओतावा की परत न्यावा या विचारात बराच वेळ उभी होती... शेवटी तो तिने माझ्याच ग्लासात ओतला. मीही प्यायलो. काय करणार होतो?

आता आमच्या कामाची रीत सांगणे आवश्यक आहे. मी नववी शिकलो. माझे वडीलही अर्जनवीस होते आणि त्यांच्या जुन्या इंग्रजी मसुद्यांचा एक गठ्ठा मला वारसाहक्काने मिळाला. त्यावरून मी इंग्रजी अर्ज सांगू लागलो. देवरावाने टंकलेखनाची परीक्षा दिली होती. त्याला कोणताही इंग्रजी शब्द बिनचूक उमटवता येई, अर्थ मात्र दहातल्या चारांचा ठाऊक असे. स्पेलिंग त्याचे आणि अर्थ माझा, असा आमचा अलिखित करार होता. आम्हा दोघांची मिळून एक इंग्रजी होती, आणि ती या तालुक्याला पुरली. मी उभ्याने सांगत असे, तो बसून उमटवीत असे. माझ्या एखाद्या शब्दाबद्दल त्याला शंका आली तर तो वाद घालत नसे. त्या ठिकाणी मशीनची लांब पट्टी सात-आठदा दाबून जागा कोरी सोडी आणि पुढे जाई. कागद बाहेर काढल्यावर समासात पेन्सिलीने दोन शब्द लिहून म्हणे, "वकीलसाहेब, यातला कोनता? ज्याचा अर्ज, त्याले विचारा." मी वकील नाही हे त्याला चांगले ठाऊक होते. टोमणा होता तो. पण सव्वीस वर्षे रोज ऐकलेला टोमणा हा पदवीसारखाच असतो.

सेलूकडचा एक वांगी-टमाटे पिकवणारा गृहस्थ बियाणे उगवले नाही म्हणून आला होता. मी 'पुअर फार्मर' सांगितले. देवरावाने जागा सोडली आणि समासात लिहिले : 'पुअर', 'नीडी'. मी म्हणालो, "दोन्ही एकच." तो म्हणाला, "एकच असते तं दोन काऊन बनवले असते इंग्रजानं?" त्या गृहस्थाला दोन्हींचा अर्थ समजावून सांगितला, तसा तो घाईघाईने उठला. "गरीब नका लिहू साहेब, पोरीची सोयरीक जमून राह्यली. कागद फिरते गावात. गरज हाय असं लिहा." देवराव इतका हसला की त्याचा चष्मा मशीनवर पडला. नंतर त्याने तो दुसरा शब्द त्या जागेत इतक्या काळजीने बसवला, की मागाहून बसवला आहे हे कोणाला ओळखू येऊ नये.

आता मुख्य प्रकरण. देवरावाची बायको लवकर गेली. एकुलती एक मुलगी वैशाली नोकरीनिमित्त हैदराबादला गेली आणि तिथेच व्यंकटेश नावाच्या तेलुगू मुलाशी नोंदणी पद्धतीने लग्न करून मोकळी झाली. अकरा वर्षांपूर्वी भर दुपारी दोघे नवरा-बायको कचेरीच्या आवारात आले. घरी कुलूप होते, म्हणून इकडे आले. आवार माणसांनी भरलेले. वैशाली म्हणाली, "बाबा..." आणि तो मुलगा देवरावाच्या पाया पडायला वाकला. देवरावाने दोन्ही पाय टेबलाखाली मागे ओढून घेतले. टंकलेखन थांबवले नाही. त्या मुलाचे हात क्षणभर मातीवर राहिले. तो उठला, पँटला हात पुसले आणि दोघे निघून गेले. या घटनेचा मी प्रत्यक्ष साक्षीदार आहे. एवढेच नव्हे, तर ते गेल्यावर मी सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "शाब्बास देवराव, मर्दासारखं केलं." त्या दिवशीच्या अर्जात त्याने तीन चुका केल्या, एरवी महिन्यातही एक होत नसे... माझे ते वाक्य आजवर कोणत्याही कागदावर आलेले नव्हते. ते येथे नोंदवीत आहे.

यंदा श्रावणात एक दिवस गर्दी ओसरल्यावर त्याने स्वतःच मशीनला कागद लावला. म्हणाला, "वकीलसाहेब, आज माह्यं काम हाय. सांगा." जावयाला इंग्रजीत पत्र लिहायचे होते. मी म्हणालो, पोरीला मराठीत लिही, ती वाचून दाखवेल. तो म्हणाला, "पोरीले लिहून मोकळा होता येते मले. पन पाय तं त्याच्यासमोर मांगं घेतले ना? त्याले समजन अशा भाषेत लिहा लागन." मी घसा साफ करून 'रिस्पेक्टेड सर'पासून सुरुवात केली, तसा तो माझ्याकडे वळला. "अबे, जावई हाय तो, तहसीलदार नाई!" शेवटी पत्र चार ओळींचे झाले. त्या दिवशी मी पाय मागे घेतले, त्याबद्दल मी अमुक आहे, दोघे घरी या, अशा आशयाचे. त्या 'अमुक'च्या ठिकाणी मी 'एम्बॅरस्ड' सांगितले. वडिलांच्या गठ्ठ्यात तो शब्द भारदस्त दिसे. देवरावाने पट्टी दाबत दाबत जागा सोडली आणि समासात लिहिले : 'एम्बॅरस्ड', 'अशेम्ड'.

"दोन्हींचा अर्थ लाज," मी सांगितले. त्याने मान हलवली. "तसं नाई बावा. हे पाह्य, त्या दिवशी इथं सारे पाहून राह्यले होते, म्हून मले कसंतरी झालं, ती एक लाज. पन घरी गेलो तं भाकर गिळेना. तवा घरात पाहाले कोनी नोतं. मंग ते काय होतं? या दोनातला त्याचा शब्द कोनता, तेवढं सांग. चुकीचा शब्द गेला तं पोरगा म्हनन, बुढ्याले फक्त लोकाइची पडली होती." मला उत्तर ठाऊक नव्हते. ठाऊक नाही असे मी सव्वीस वर्षांत त्याला एकदाही म्हटले नव्हते. मी म्हणालो, "विचार करून सांगतो. असे शब्द घाईने ठरवायचे नसतात." त्याला ते पटले. कागद त्याने माझ्याच टेबलाच्या खणात ठेवला. नंतर रोज सकाळी नुसता भुवया उंचावून विचारी, आणि मी हाताने थांब म्हणून खुणावी.

शब्दकोश पाहिला. दोन्हीकडे 'लज्जित'. पोळ्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, जामकडच्या शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या एक बाई प्रतिज्ञापत्र करायला आल्या. मी सहज विचारल्यासारखे विचारले. त्या म्हणाल्या, "चारचौघांत फजिती झाली, तोंड लपवावंसं वाटलं, तर पहिला शब्द. त्यात आपलं चुकलेलंच असेल असं नाही. पण आपण वाईट वागलो हे स्वतःला कळलं आणि कोणी बघत नसतानाही ते बोचत राहिलं, तर दुसरा." मी ते कागदावर टिपून घेतले. देवराव चार हातांवर बसून कोणाचे तरी प्रमाणपत्र टंकलिखित करीत होता. त्याच क्षणी मला उठता आले असते. पण मशीनच्या आवाजात शब्द ऐकू गेले नसले, तरी त्याने बाईंना बोलताना पाहिले होते आणि उत्तर त्यांचे आहे हे त्याने ओळखले असते. मधे शनिवार-रविवार जाऊ द्यावेत आणि सोमवारी स्वतःचे म्हणून सांगावे, असे मी ठरवले. माझ्या मोठेपणाची मुदत दोन दिवसांची होती, त्याच्या आयुष्याची त्याहून थोडी कमी निघाली... शांताबाई दोन ग्लास घेऊन आली, तेव्हा तो कागद माझ्या खिशात होता.

तेरवीला वैशाली आली. व्यंकटेश फाटकाबाहेर गाडीशेजारी उभा होता, आत या म्हणायला कोणी गेले नाही, मीही नाही. वैशालीने मला बाजूला घेतले. "काका, तुमच्यापाशी बसत होते ते रोज. माह्याबद्दल नसन, पन यांच्याबद्दल काई बोलले होते का कधी?" पत्र माझ्या खणात होते. पण ते द्यायचे म्हणजे त्यातली जागा कोरी का, हे सांगणे आले. मी म्हणालो, "नाही बेटा." तिने मान खाली घालून बरे म्हटले आणि ती गाडीकडे गेली. ते दोघे बसले आणि गाडी महामार्गाच्या दिशेने वळली.

त्याचे टेबल अजून माझ्या टेबलाला लागूनच आहे. मशीनवर रेक्झिनचे झाकण आहे. मराठी अर्ज मी आता हाताने लिहून देतो, इंग्रजीसाठी लोकांना संगणकवाल्याकडे पाठवतो. परंतु मजकूर लिहिताना प्रत्येक ओळीच्या शेवटी मी अजूनही थांबतो. ओळ भरत आली की त्याचे मशीन टिंग करी, तो दांडी ओढी आणि मग मी पुढचे वाक्य घेई. अर्जदार माझ्याकडे पाहतो आणि विचारतो, "साहेब, काऊन थांबले?" त्याला काय सांगावे? त्या एका टिंगच्या वेळात मी विचार करीत असे. देवराव गेल्यापासून मला नीट विचारच करता आलेला नाही.

सबब, चि. वैशाली व श्री. व्यंकटेश यांस विनंती करण्यात येते की, तेरवीच्या दिवशी मी दिलेले उत्तर खोटे होते, ते रद्द समजावे. देवरावाचे पत्र मी या आठवड्यात रजिस्टर टपालाने रवाना केले आहे. त्यातली जागा मी भरलेली नाही. माझे अक्षर तिथे शोभले नसते आणि तो अधिकारही मला नाही. मात्र त्या जागी समासातल्या दोनांपैकी दुसरा शब्द होता, घरात कोणी नसताना भाकर गिळू न देणारा, हे मी प्रत्यक्ष ऐकले असून येथे शपथेवर लिहून देत आहे. वैशालीने हा मजकूर आपल्या पतीस त्यांच्या भाषेत समजावून द्यावा. शाबासकी देणारा मी होतो, हेही वगळू नये. उत्तर रागाचे असले तरी ते पाठवावे, ही विनंती. जन्मभर दुसऱ्यांची पत्रे उमटवणाऱ्या देवरावाला स्वतःच्या नावे टपाल आल्याचे मी कधी पाहिले नाही. म्हणून पाकिटावर माझे नाव घालू नये, देवराव झाडे, टंकलेखक, एवढेच लिहावे. पोस्टमन ओळखीचा आहे. तो ते त्याच्या टेबलावर ठेवील.