शाळेच्या बसला पायरी कशी आली

आमच्या शाळेची पहिली बस इंदापूर रस्त्यावरच्या एका शेडमध्ये बांधली गेली. तयार बस बाजारात मिळत होती. पण आमच्या संस्थेच्या अध्यक्षांना, म्हणजे आबांना, तयार वस्तू आवडत नाही. तयार वस्तूत स्वतःची अक्कल घालायला जागा नसते. म्हणून त्यांनी नुसती चॅसी मागवली. चाकं, इंजिन आणि मागं उघडा लोखंडी सांगाडा. ड्रायव्हर तोंडाला टॉवेल गुंडाळून ती हाकत आला, तेव्हा भिगवणपासूनची सगळी धूळ त्याच्या भुवयांवर बसली होती. आबांनी चॅसीला हार घातला. अडकवायला जागा नव्हती, म्हणून स्टीअरिंगला.

तोपर्यंत निरवांगी-कळसकडची मुलं जीपला लटकून यायची, नाहीतर आडव्या फळ्या टाकलेल्या टेंपोतून. त्यामुळं बस येणार म्हटल्यावर मला खरंच आनंद झाला होता. मी पहिलीच्या वर्गाला शिकवते. आबा म्हणाले, "बाई, तुमाला पोरांचं कळतं. तुमी बस समितीत." समितीतले बाकीचे सगळे ऊसवाले. त्यांना ट्रॉलीतलं कळत होतं.

शेडमध्ये गेलो तर मिस्त्रीनं आधी स्वतःच्या घराण्याचा इतिहास लावला. आजा बैलगाड्या करायचा. बापानं बाभळीच्या आणि सागाच्या लाकडात ट्रकच्या बॉड्या बांधल्या. "अन् म्या लोखंडात आलो. वडलांनी बांधलेली बॉडी घाटात पलटी झाली, तर माल गेला, ट्रक गेला, बॉडीचा खिळा हालला न्हाय!" ड्रायव्हरचं काय झालं, हे मी विचारलं. त्याबद्दल त्याला काही माहिती नव्हती.

या माणसाला नाही म्हणता येत नसे. आबांनी टपावर कॅरिअर सांगितलं, "होतंय आबा." मखमली पडदे, "होतंय." सनईचा हॉर्न, "होतंय की!" खाली आडवी मोठी डिकी, "होतंय." शाळेच्या दप्तरांना एवढी डिकी कशाला, मला कळेना. एका सदस्यानं कानात सांगितलं, "बाई, लग्नसराईत गाडी काय नुसती उभी ठेवायची व्हय?"

मुलांविषयी कुणी काही बोलेना, म्हणून मी दारापाशी जाऊन उभी राहिले. पहिली पायरी माझ्या गुडघ्यापर्यंत येत होती.

"मिस्त्री, पहिलीचं मूल यावर चढणार कसं?"

मिस्त्रीनं आबांकडं बघितलं. आबांनी माझ्याकडं. "बाई, आमी शाळंला चालत जात हुतो. ओढा पार करून. कुणी पायरी दिली आमाला?"

समिती हसली. मिस्त्रीनं वर कारण जोडलं, की पायरी खाली घेतली तर वाडीवस्तीच्या रस्त्यावर घासंल. पण आरटीओच्या पासिंगला पायरीचं ठरलेलं माप लागतं, हे त्यालाही माहीत होतं. त्यानं खाली एक जादा पायरी नटबोल्टनं बसवली, पासिंग करून आणलं आणि दुसऱ्या दिवशी ती काढून टाकली. ती डिकीच्या दाराच्या आड येत होती.

जून महिन्यात बस सुरू झाली. पिवळीधमक, पडदे लावलेली, सनई वाजवत यायची. लहान मुलं आधी दप्तर वर फेकायची, मग पोटावर पडून चढायची, गणवेशाची पुढची बाजू काळी करून. उतरताना मी एकेकाला बगलेत धरून खाली ठेवायची. दिवाळीपर्यंत माझा उजवा खांदा दुखायला लागला. दोनदा मी आबांना जाऊन सांगितलं. पहिल्यांदा त्यांनी चहा पाजला. दुसऱ्यांदा म्हणाले, "पोरं काटक व्हायला नकोत का?"

मग आबांच्या पुतणीचं लग्न ठरलं. मुलाकडची मंडळी बारामतीची, नोकरदार, इस्त्रीतली. त्यांना कार्यालयात आणायला आबांनी मोठ्या ऐटीत आमची बस पाठवली. शाळेच्या शिक्षकांना स्वागताला जुंपलं होतंच, म्हणून मीही बसबरोबर होते. विहीणबाई दाराशी आल्या. अंगावर जड पैठणी, हातात ताट. त्यांनी पायरीकडं बघितलं, पाय उचलून पाहिला, परत ठेवला. ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, खालनं जरा आधार देऊ का?" दोघी जावांनी खालून रेटलं, एकीनं वरून ओढलं. पैठणीचा काठ दाराच्या पत्र्यात अडकला आणि टर्रकन आवाज झाला.

विहीणबाई खाली उतरल्या. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आम्हाला काय ऊस समजलात, असं भरायला?"

सनईचा हॉर्न तेवढ्यात चुकून वाजला.

विहीणबाई रिक्षा करून कार्यालयात आल्या आणि जेवणाच्या पंगतीपर्यंत आबांशी बोलल्या नाहीत. आबांनी फेटा काढून पाय धरायचं तेवढं बाकी ठेवलं. एरवी मीटिंगमध्ये टेबलावर मूठ आपटणारा माणूस, त्या दिवशी जिलबीचं ताट स्वतः घेऊन विहिणीमागं फिरत होता. मी पंगतीत बसून ते बघितलं आणि जिलबी दोनदा घेतली.

सोमवारी मिस्त्री शाळेत हजर. बरोबर तीच काढलेली पायरी, गंज घासून रंग दिलेली. डिकीचं दार अर्धं कापलं, पायरी कायमची वेल्डिंग करून टाकली. मी विचारलं, "रस्त्याला घासणार नाही का आता?" मिस्त्री म्हणाला, "न्हाय न्हाय, घासतीय कसली!"

पहिलीतली एक मुलगी त्या दिवशी एकटी चढली, उतरली, परत चढली. मागं रांग थांबली, ड्रायव्हर ओरडला, तरी तिनं अजून एकदा चढून घेतलं.

स्नेहसंमेलनात आबांनी भाषणात सांगितलं, की बालकांच्या सुरक्षिततेचा विचार आपण पहिल्या दिवसापासून केला. टाळ्या पडल्या. त्याच आठवड्यात त्यांनी पेंटरला बोलावून पायरीवर लाल अक्षरांत आपलं नाव घालायला सांगितलं, 'यांच्या प्रेरणेतून' असं.

पेंटरनं चाचरत विचारलं, "आबा, पायरीवरच?"

"मंग कुठं? पायरी दिली कुनी?"

तिथं मी होते, मुख्याध्यापक होते, दोन संचालक होते. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. पेंटरनं मन लावून नाव काढलं, खाली वेलबुट्टीही काढली. पुढच्या पावसाळ्यात चिखलाच्या बुटांनी आधी वेलबुट्टी गेली, मग आडनाव.