विमानांना धाडलेला निरोप

हंबीरराव एअरफोर्समध्ये आचारी होते. हे आधीच सांगून टाकतो, कारण चिंचसोंडीत ते त्यांच्या बायकोशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि पुढचा सगळा घोळ तिथूनच झाला.

आता आचारी असण्यात लाज वाटण्यासारखं काय आहे? काही नाही. जोधपूर झालं, बरेली झालं, वीसेक वर्षं या माणसानं भल्या पहाटे उठून वैमानिकांसाठी पुऱ्या तळल्या, आमलेटं केली. उपाशीपोटी कुणाचं विमान उडतं का? पण चिंचसोंडी पडलं विट्याच्या वरच्या अंगाचं, माळाच्या कडेचं गाव. घरटी एक फौजी. कुणी सियाचीनला पायाची बोटं ठेवून आलेला, कुणी मांडीत गोळी घेऊन बसलेला. अशा लोकांत पारावर बसून ‘मी पुऱ्या तळत होतो’ म्हणायला छाती लागते. पहिल्यांदा सुट्टीवर आले तेव्हा कुणीतरी विचारलं, “हंबीर, विमानावर हायस व्हय रं?” हंबीरराव म्हणाले, “व्हय, विमानावरच की.” बाकीचं गावानं आपल्या मनानं रचून घेतलं. नोकरी संपवून परत आले तोवर ते ‘विमानवाले नाना’ झाले होते. पंधरा ऑगस्टला झेंडा चढवायला शाळेचं पहिलं बोलावणं त्यांना. दुसऱ्यांनी डोक्यावर बांधलेला फेटा आपल्या हातानं कोण उतरवून ठेवतं?

गेल्या पौषात नाना शेजारच्या गुंडाला बरोबर घेऊन साताऱ्याला गेले, मिल्ट्री कँटीनचं सामान आणायला. हा गुंडा म्हणजे तोंडाचा फाटका, त्याच्या पोटात पाणी राहील पण गोष्ट राहायची नाही. दोघं रांगेत उभे होते आणि एकाएकी किल्ल्याच्या अंगानं तीन विमानं आली. इतकी खाली, की पोटाखालचे रंग दिसले. आवाजानं दुकानांच्या काचा थरथरल्या, भाजीवाली टोपली टाकून खाली बसली, आणि जो तो ‘लढाई लागली काय’ म्हणत मोबाईल चाचपायला लागला.

गुंडा म्हणाला, “नाना, ही एवढ्या खालनं का वं जात्यात? सगळं आभाळ मोकळं पडलंय की!”

नानांना उत्तर येत होतं. इतकी वर्षं वैमानिकांपुढं ताटं मांडताना कानांवर पडलेलंच होतं ते. विमान उंच असलं की शत्रूच्या रडारला दिसतं. जमिनीलगत, डोंगराचा आडोसा धरून गेलं की दिसत नाही. पण तसं चालवणं जिवावरचं काम, पापणी लवली तर समोर डोंगर. म्हणून त्याचा सराव करतात. कधी कुठं मोठं संचलन असलं की सलामीला शहरावरून खाली यायचं असतं, त्याचीही आधी रंगीत तालीम होते. लढाईबिढाई काही नाही. नानांनी हे नीट सांगितलं, आणि रांगेतल्या माणसांनीही माना वळवून ऐकलं. तिथंच थांबायचं की नाही! पण एकानं विचारलं, “एअरफोर्सला व्हता का काका?” आणि नानांची छाती फुगली. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

“आमचीच पोरं हायत ती,” नाना म्हणाले. “माझ्या हाताखालनं गेलेली. म्हाताऱ्याचा मुलूख आला की सलाम ठोकायला जरा खाली येत्यात.”

गुंडानं ते चिंचसोंडीत पोचवलं, वर आपलं मीठमसाला लावून. त्यात त्याच आठवड्यात विमानं चिंचसोंडीच्या माळावरूनही जायला लागली. मग काय विचारता! पोरं ओरडायची, “नाना, तुमची आली!” नाना अंगणात येऊन ताठ उभे राहायचे आणि हात कपाळाला लावायचे. विजयमाला, त्यांची बायको, चुलीपुढून हे बघायची आणि कपाळाला हात लावायची, तो वेगळा.

माळावर तात्याबा आणि बयाबाई या धनगर नवराबायकोचा मेंढरांचा तळ होता. बयाबाई साठीच्या पुढची, काटक, बोलायला सरळ. एक दिवस ती नानांच्या अंगणात आली आणि दाराबाहेरच उकिडवी बसली.

“नाना, रागावू नगासा,” ती म्हणाली. “तुमची पोरं तुमास्नी सलाम करत्यात, चांगलंच हाय. पर माझी मेंढरं भ्याली वं. दोघींनी गाभ टाकला. बाकीच्या आता विनीला आल्यात. पोरास्नी म्हनावं, चार दीस जरा वरनं जावा. तुमचा शब्द मोडायचे न्हाईत ती. न्हाई जमत म्हनला तर आमी उद्याच तळ हलवतो, फलटनकडं. लेकीच्या सासऱ्यानं उसाच्या मोकळ्या रानात जागा दिलीया. पर गाभण्या मेंढरास्नी एवढं चालवायचं म्हंजी जीव थोडा थोडा हुतो.”

अंगणात गुंडा होता, आणखी दोघं-तिघं होते. सगळे नानांच्या तोंडाकडं बघत होते. नानांनी ‘न्हाई जमत’ म्हणायला तोंड उघडलं, खरंच उघडलं होतं. पण हात खिशात गेला, मोबाईल कानाला लागला आणि नाना कडक आवाजात बोलायला लागले, “हाँ साब, जय हिंद! हंबीरराव बोल रहा हूँ. साब, हमारे गाँव के ऊपर थोड़ा ऊँचा रखो. नीचे गरीब की भेड़ें हैं. हाँ… हाँ… मेहरबानी साब.”

पलीकडं कुणी नव्हतं. फोन लावलाच नव्हता.

“झालं तुमचं काम, बयाक्का. ऱ्हावा निवांत,” नाना म्हणाले. बयाबाईनं दोन्ही हात जोडले.

सगळे गेल्यावर विजयमालेनं भांडी घासता घासता विचारलं, “कुणाला लावलावता फोन?”

“गप बस.”

“आवं, बाई इस्वासानं आलती. मागनं जावा आन् सांगा तिला, जा म्हनावं फलटनला.”

“आगं, सराव काय जन्मभर चालतोय काय? आठवडा झाला की. संपला आसंल आता,” नाना म्हणाले. त्यांना ते तेव्हा खरंच वाटत होतं, कारण वाटून घ्यायची गरज होती.

आणि बघा, नशीब कसं माणसाला खड्ड्याकडं नेतं! पुढचे काही दिवस विमानं आलीच नाहीत. गावात नानांचा भाव आणखी वधारला. पारावर सुभेदार लोकसुद्धा सरकून जागा द्यायला लागले. बयाबाई नुकत्याच व्यालेल्या शेळीच्या चिकाचा खरवस घेऊन आली. “वरच्यांनी आयकलं बगा तुमचं,” म्हणाली. नानांनी तो खरवस खाल्ला. वाटी बोटानं पुसून खाल्ला, आणि विजयमालेनं मात्र त्यातला तुकडाही तोंडात घातला नाही.

विमानं परत आली ती भर दुपारी. एकापाठोपाठ एक, माळाला घासून. नाना जेवत होते. आवाज विरतो न विरतो तोच माळाकडून दुसरा आवाज आला, माणसाचा. घास तसाच ताटात टाकून नाना उठले.

माळाच्या टोकाला जुनी दगडाची खाण आहे, खोल. मेंढरांचं आपल्याला ठाऊक आहे, पुढची जिकडं धावेल तिकडं सगळ्या. बिथरलेला कळप थेट त्या खाणीकडं सुटला होता. तात्याबा काठी घेऊन आडवा झाला, तर कळप त्यालाही तुडवून गेला. निम्मा कळप खाली गेला, आणि खाली गेलेल्यांत गाभण्याच जास्त. नाना पोचले तेव्हा तात्याबा गुडघे सोलून बसला होता आणि बयाबाई खाणीच्या काठावर उभी राहून आभाळाकडं हात करून ओरडत होती. काय ओरडत होती ते नानांना लांबून कळलं नाही, आणि जवळ जायला त्यांचे पाय तयार होईनात.

गर्दीतलं कुणीतरी म्हणालं, “नानांनी एवढं सांगून बी आयकलं न्हाई गड्या. रिटायर मानसाला कोन इचारतंय!”

हे ऐकलं आणि नानांना बरं वाटलं. बघा म्हणजे! खाली मेंढरं तडफडत होती, आणि या माणसाला सुटल्यासारखं वाटलं. गाव आपल्याला बोल लावत नाही, उलट हळहळतंय, झाकली मूठ झाकलेलीच राहिली. तो सुटकेचा श्वास बाहेर पडला आणि दुसऱ्याच क्षणी नानांना स्वतःची किळस आली. ते तसेच मागच्या मागं वळले आणि घरी येऊन भिंतीकडं तोंड करून पडले. विजयमालेनं त्यांचं अर्धं राहिलेलं ताट उचललं. ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बयाबाई अंगणात आली. नानांना वाटलं, आली, आता गावादेखत उभा-आडवा घेणार. पण ती आपली मागच्यासारखीच उकिडवी बसली, आणि खाली मान घालून बोलायला लागली.

“नाना, माझ्याकडनं लय वंगाळ झालं.”

“तुमच्याकडनं?”

“काल खानीवर तोंडाला लगाम ऱ्हायला न्हाई माझ्या. तुमच्या पोरास्नी लय बोलले. म्हनलं, नानांनी एवढं सांगून बी तुमी माझ्या गाभण्या जिवांवर आलासा, तुमच्या आया बी अशाच खड्ड्याच्या काठाला रडतील. आसं बोलले वं! मेलेल्या जिवापाशी हुबं राहून काडलेला शब्द लागतो. तेवढ्या उंचीवर बसलेली ती, कुनाची तरी लेकरंच की. रातभर डोळा लागला न्हाई.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “ज्येला बोललो त्येच्या कानावर माघार घातल्याबिगर शिवी उतरत न्हाई. म्हून आले. तेवढा फोन लावा नाना. म्हनावं, बयाबाईनं आपला शब्द माघारी घेतला. संबाळून उडवा म्हनावं.”

नानांचा हात खिशावर गेला. एक खोटा फोन. एक जय हिंद, दोन वाक्यं, आणि या बाईच्या जिवाला आराम पडला असता. पुण्यच की ते! असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. दारात विजयमाला उभी होती. ती त्यांच्या हाताकडं बघत होती.

“बयाक्का,” नाना हात खिशावरून काढत म्हणाले, “मी फोन लावलाच नव्हता.”

“लावा की मग आता.”

“आताचं न्हाई. त्या दिसाचं म्हनतोय. कुनालाच लावला नव्हता. त्या पोरातलं कुनी मला वळखत न्हाई. मी विमानावर नव्हतोच कवा. सैपाकी व्हतो मी. पुऱ्या तळायचो.”

बयाबाईनं सावकाश विचारलं, “म्हंजी खाली मेंढरं हायत, हे त्या पोरास्नी ठावंच न्हाई?”

“न्हाई.”

“कुनी सांगितलंच न्हाई त्यास्नी?”

“न्हाई सांगितलं.”

बाईचा चेहरा मोकळा झाला. खरंच सांगतो, मोकळा झाला. रात्रभर आवळून धरलेलं काहीतरी सुटावं तसा. तिनं आभाळाकडं बघून हात जोडले.

“बरं झालं बाई,” ती म्हणाली. “अजानत्याला शिवी लागत न्हाई. त्या लेकरांकडं काय दोस न्हाई.”

“मला घाला,” नाना म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. “वाट्टंल ती शिवी घाला बयाक्का. पायतान काडून मारा. लायकी हाय माझी.”

बयाबाई उठली. लुगड्याला लागलेली धूळ तिनं झटकली.

“विजयमाला, येते गं,” ती दाराकडं बघून म्हणाली. “उरलेली घिऊन आजच निघतो आमी फलटनला.”

ती चालायला लागली. नाना अंगणाच्या कडेपर्यंत तिच्या मागं गेले आणि तिथंच उभे राहिले. जाता जाता वळून ती एखादी तरी शिवी देईल, म्हणून ती ओढा उतरून पलीकडं जाईपर्यंत ते थांबले. तिनं दिली नाही.