कोरड्या विहिरीतलं चार हात पाणी

महादेवच्या धाकट्या भावाचा फोन आला, तेव्हा मी बीडच्या स्टँडवर वडवणीच्या गाडीची वाट बघत होतो. "दादा गेला," एवढंच तो म्हणाला. गाडी आली, निघूनही गेली… मी नुसता स्टँडभर चकरा मारत राहिलो. महिना झाला, अजूनही एका जागी बसवत नाही.

महादेव वडवणीच्या किराणा दुकानदाराचा थोरला मुलगा, शाळेत माझ्याच बाकावरचा. नव्वदीनंतर गल्लोगल्ली टेलिफोनचे बूथ निघाले, तेव्हा यानं दुकान भावावर सोडलं आणि बीडमध्ये कॉम्प्युटर मांडून लोकांची कामं घ्यायला लागला. मी एका संस्थेसाठी विहिरींचं पाणी मोजत हिंडायचो.

एका उन्हाळ्यात टँकर कुठं पाठवायचे याची बैठक होती. अकरा वाजता साहेबांपुढं माझ्या स्लाइड दाखवायच्या होत्या. नऊला महादेवकडं कॉम्प्युटरवर त्यांच्यावर शेवटची नजर टाकली, तर पाली गावाकडच्या एका वस्तीच्या विहिरीत चार हात पाणी! ती विहीर कोरडी पडलेली मी स्वतः वाकून पाहिली होती. तक्त्यात तसं भरलंही होतं.

"स्लाइडवर हातानं शून्य टाक अन् चल," मी म्हणालो.

"ही दिसली म्हणून टाकशील बे. न दिसलेल्या विहिरींचं काय?"

घोळ माझाच होता. तक्त्याची नक्कल नव्या फोल्डरमध्ये करून मी नवे आकडे तिच्यात भरले होते; स्लाइड मात्र अजून जुन्याच फाइलला जोडलेल्या. स्लाइडवर नऊ तक्ते, नऊ लिंका. महादेव एकेक लिंक उघडून तिला नवी फाइल दाखवायचा, मशीन घरघरायचं, मग तो माझ्या वहीशी आकडे ताडून बघायचा. साडेदहा झाले. मी दारातून रस्त्यावर, रस्त्यावरून दारात… शेवटी तोंडातून निघून गेलं, "तागडी तोलणाऱ्याला बैठकीची वेळ काय कळणार!"

त्यानं पुढची लिंक उघडली. सहाव्या लिंकवर आणखी तीन कोरड्या विहिरी निघाल्या.

आम्ही पोचलो, तेव्हा साहेब उठून निघाले होते. मी दाराशीच थांबलो. महादेवच पुढं झाला. "साहेब, उशीर माझ्यामुळं झाला. आकडे जुने होते. तसेच दाखवले असते तर चार वस्त्या तहानलेल्या राहिल्या असत्या. धा मिनिटं द्या."

साहेब बसले. त्याच आठवड्यात चारही वस्त्यांवर टँकर गेले. उशीर माझ्यामुळं झाला होता, हे मी तिथं बोललो नाही. नंतरही कधी नाही…

परवा त्याच्या कॉम्प्युटरच्या दुकानी गेलो. दोन मशीनच्या मधे त्याच्या चाकाच्या खुर्चीनं फरशीवर चाकोरी पाडलीय. "बसा की भाऊजी, रिकामी बघवत न्हाई," वहिनी म्हणाल्या. बसलो, आणि त्या दिवशी त्याला काय बोललो होतो ते सांगायला लागलो.

"म्हाइत हाय," त्या मधेच म्हणाल्या. "घरी येऊन हसत होते. म्हणले, गडी लई घाबरला होता, पर विहिरी खऱ्या मोजल्या होत्या त्यानं."

मी हलकेच पाठ टेकली, तशी खुर्ची आपसूक चाकोरीतून दुसऱ्या मशीनकडं सरकली.