मफलर घातलेली चिक्की

वडिवळ्याच्या अनसूया मावशींमुळे माझी नोकरी आणि माझी मान, दोन्ही जागेवर राहिल्या. आधी त्यांना हात जोडतो, मग काय झालं ते सांगतो.

मी समुद्रकाठचा. आमच्याकडे थंडी म्हणजे पहाटे पंखा एक नंबरनं कमी करायचा! आठवीत शाळा सोडली (शाळेनंच मला सोडलं, असं आई म्हणते) आणि फिरत फिरत, बायकोसकट, लोणावळ्यात चिक्कीच्या कारखान्यात लागलो. इथला पावसाळा काढला. वाटलं, जिंकलं! मग डिसेंबर आला. सकाळी नळाखाली हात धरला की बोटं अजून आपलीच आहेत का, हे बघून घ्यावं लागे. दोन शर्ट, त्यावर माझा स्वेटर, त्यावर बायकोचा स्वेटर, असा मी कामावर जायचो. तिथल्या बायका म्हणायच्या, "आला बघा कांदा!"

कारखान्यात पाक उकळण्यापासून वड्या कापण्यापर्यंत हुकूम चालायचा अनसूया मावशींचा. माझे दात वाजताना ऐकून एकदा त्यांनी स्वतःच्या गळ्यातला निळा मफलर काढून दिला. "घे रं. लेकीनं इनलाय माज्या. हरवू नको म्हंजी झालं."

वस्तू हरवण्यात मी पटाईत. म्हणून बायको रोज सकाळी माझ्या मानेमागं, टोकं पुढं लोंबतील अशी, गाठ मारून द्यायची. साधी नव्हे, तिचे वडील होडी बांधतात ती!

"अहो, वादळात होडी सुटत नाही हिच्यातून. मफलर काय सुटतोय?"

"आणि मला काढायचा असला तर?"

"संध्याकाळी मी आहे की!"

त्या दिवशी मालक येणार होते. मला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे ते ठरवणार. गारठ्यानं कापत होतोच, त्यात भीतीची भर. ओट्यावर शेंगदाण्याचा गरम पाक ओतला आणि गुळाची वाफ तोंडावर आली... स्वर्ग! लाटणं फिरवता फिरवता डोळे मिटून मी तोंड खाली, अजून खाली नेत शेकत राहिलो.

डोळे उघडले तर मान वर होईना. मफलरची दोन्ही टोकं पाकात! आणि त्यांच्यावरून मीच, अगदी मन लावून, लाटणं फिरवलेलं. असल्या गारठ्यात पाक घट्ट व्हायला कितीसा वेळ लागतो?

"मावशी! मी चिकटलो!"

"कुटं?"

"चिक्कीला!"

"आरं माज्या कर्मा! गळ्यातनं काड की त्यो!" मावशी गाठीला भिडल्या. नखं दुखली, गाठ हलेना. "ही गाठ हाय का कुलूप? कुनी मारली?"

"बायकोनं."

"बायको हाय का फौजदार?"

सुरी शोधेपर्यंत मालक दारात! मावशींनी माझी कॉलर वर ओढून गाठ झाकली आणि डोकं दाबलं. "लाटत ऱ्हा. मान वर करू नको." (जणू करता येत होती!)

मालक आले, कडेचा तुकडा मोडून तोंडाजवळ नेला. त्यातून निळा धागा लोंबला.

"हे काय आहे?"

"मालक, मी..." तेवढ्यात मावशींनी आणखी दाबलं. उरलेलं वाक्य शेंगदाण्यांत गेलं.

"माजा मफलर पडला त्यात," मावशी म्हणाल्या. "ही समदी चिक्की फेकून द्यायची हाय."

"अनसूयाबाई, तुम्ही? इतक्या वर्षांच्या जुन्या तुम्ही, आणि असं?" मालक बोलत राहिले, मावशी ऐकत राहिल्या. माझ्या वाटणीचं सगळं! मला ओट्याशिवाय काही दिसत नव्हतं, पण कान पेटले होते. महिन्याभरात पहिल्यांदाच मला उकडलं.

शेवटी मालक म्हणाले, "हा नवा बघा! एवढी बोलाचाली चाललीय, पण कामातून मान वर काढत नाही. असा माणूस पाहिजे. याला कायम करा!"

ते गेल्यावर मावशींनी लेकीनं विणलेला तो मफलर माझ्या गळ्याजवळ कचकन कापला. माझे डोळे भरून आले. मी पाया पडायला वाकलो.

"वाकू नको बाबा," त्या मागं सरकल्या. "तू वाकलास की कायतरी चिकटतंय!"

हे उपकार मी एक दिवस फेडणार. मावशींनी समुद्र बघितलेला नाही. त्यांना आमच्या गावी नेणार, वाळूत बसवणार, पाण्यात उतरवणार. परवा त्यांनीच विचारलं, "पन मी बुडाले तर रं?"

"मी आहे ना, मावशी!" मी छाती ठोकून म्हटलं.

आता तेवढं पोहायला शिकायचं राहिलंय.