यादगिरींचा अंगठा

आमच्या दुकानात कटपीस कमी आणि किस्से जास्त साठतात. लोक ऐकून हसतात. मला मात्र सांगतानाही संताप येतो!

सुलतान बाजारात आमचं ब्लाउजपीसचं मॅचिंग सेंटर, मामंजींनी म्हणजे माझ्या सासऱ्यांनी थाटलेलं. गादीवर अजून तेच, काउंटरवर मी आणि चाळीस वर्षांपासूनचे आमचे यादगिरी. साडी बघितली की त्यांचा हात बरोबर त्याच ताग्यावर! गेल्या वर्षी माझा रोहन आयटीतली नोकरी सोडून आला. म्हणाला, "आई, दुकान डिजिटल करतो."

आधी रंगांची नावं गेली, नंबर आले. गौलीगुड्याच्या एका आजींनी वांगी रंग मागितला. रोहन स्क्रीनकडे बघत म्हणाला, "वांगी नहीं अम्मा, पर्पल फोर बोलो." आजी फणकारल्या, "तो आज घर में बघारे बैंगन नहीं, बघारे पर्पल फोर पकाऊं क्या?"

मग कापडाला टॅग आणि दाराला सेन्सर. आमच्याकडे रंग ट्यूबलाइटखाली ठरत नाही. यादगिरी कापड रस्त्यावर नेऊन उन्हात धरतात. आता ते उंबरा ओलांडतात आणि अलार्म बोंबलतो! भर बाजारात चोर ठरवलं त्यांना. आणि आमचे यजमान काय म्हणाले? "शिकलाय तो, करू दे." शिकलाय म्हणे!

तीन आठवडे खपून यादगिरींनी रोहनला सगळे रंग सांगितले. कुठला कशावर खुलतो, कुठला धुतल्यावर उतरतो. शेवटचा रंग कॉम्प्युटरमध्ये भरून झाला आणि हा त्यांच्यासमोरच म्हणतो, "आता यांची काय गरज?" मी हातातला कापड मोजायचा गज काउंटरवर आपटला. यादगिरी पुढचा तागा उलगडत राहिले.

मग आलं अंगठ्याचं हजेरी मशीन. कापड हाताळून हाताळून यादगिरींच्या अंगठ्यावर रेषाच उरलेल्या नाहीत. रोज लाल दिवा! महिनाअखेरीस रोहन कागद घेऊन उभा. "सिस्टिमप्रमाणे हे एकही दिवस आलेले नाहीत. उद्यापासून यांचं काम बंद."

"अरे, डोळे फुटलेत का तुझे? रोज समोर उभा असतो तो माणूस!" मी ओरडलेच. लग्नसराईची गर्दी होती, सगळे बघायला लागले.

मामंजी गादीवरून उठले. मशीनपाशी गेले, आपला अंगठा ठेवला. लाल दिवा. धोतराला पुसून परत ठेवला. लाल.

"आजोबा, तुमचं तसं नाही..." रोहन म्हणाला.

मामंजींनी टोपी नीट केली, चपला घातल्या. दुकानाच्या चाव्यांचा जुडगा कमरेलाच होता.

"चल यादगिरी," ते म्हणाले, "अपन दोनों भी आज आएच नैं."