चटईवरची दुसरी पावलं

ऑफिसात तिला सगळे थोरली म्हणत. घरी ती एकुलती एक. पण विद्यापीठानं त्या कंपनीत पाठवलेल्या तिघांमध्ये बाकीचे दोघे बावीस-तेवीसचे आणि ही त्रेचाळीसची, मग दुसरं काय म्हणणार? पंधरा वर्षं तिनं इस्पितळात फिजिओथेरपी केली होती. खुबा मोडलेली माणसं तिच्या खांद्यावर हात टाकून पुन्हा चालायला शिकली होती. एके दिवशी तिच्या मनानं घेतलं, पडलेल्याला उठवण्यात निम्मं आयुष्य गेलं, आता माणूस पडण्याआधीच हाती लागतो का ते बघू. आणि तिनं पीएचडीला नाव घातलं.

विद्यापीठाचा नियम असा की आठवड्यातले तीन दिवस प्रयोगशाळेत बसायचं आणि तीन दिवस एखाद्या नव्या स्टार्टअपमध्ये राबायचं. दर शनिवारी एक कागद भरायचा. कागदाच्या मधोमध उभी रेघ. डावीकडे लिहायचं, वस्तू बनवताना काय शिकलो. उजवीकडे, संशोधनाला काय मिळालं. डावीकडे कंपनीच्या मालकाची सही, उजवीकडे गाईडची. "एका सुनेला दोन सासवा," असं ती पहिल्या दिवशी म्हणाली होती. तेव्हा ती अजून हसत असे.

कंपनी म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची एक लांबट खोली. पूर्वी तिथे नाचाचा वर्ग चाले, त्यामुळे एक अख्खी भिंत आरशांची. खाली दिवसभर पंपाचा फुस्स फुस्स आवाज, आणि वर चार टेबलांवरची सात माणसं आरशामुळे चौदा दिसत. मालकाचं वय सव्वीस. त्याला कप्तान म्हणत. का म्हणत ते देव जाणे, कारण कुठल्याही खेळात तो शेवटी निवडला जाणारा गडी होता. पण पोरगा मनानं मोठा. बिस्किटाचा पुडा फोडला की पहिलं बिस्किट दुसऱ्याला.

ते एक चटई बनवत होते. दिसायला साधी, करडी. घरातल्या बोळात अंथरायची. तिच्या पोटात शंभरएक छोटे सेन्सर. माणसाचं पाऊल कुठे पडलं, किती दाबलं, कधी उचललं, सगळं टिपून ठेवायचे. काही आठवड्यांत चटई त्या माणसाची चाल ओळखायला शिकते, आणि चाल बिघडायला लागली की घरच्यांना सांगते, असा सगळा बेत.

पहिल्या चाचणीसाठी घरं हवी होती. थोरलीनं एक चटई आपल्याच आईवडिलांच्या घरी, झोपायची खोली आणि न्हाणीघर यांच्यामधल्या बोळात अंथरली. आईनं चष्मा लावून संमतीचा कागद वाचला आणि सही केली. वडिलांनी कागद हातातसुद्धा घेतला नाही. ते मोजणीखात्यातून निवृत्त झालेले.

"आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजल्या मी. मला कुणी मोजायचं नाही."

"बाबा, तुमचं वय बघा. गुडघा बघा."

"मेल्यावर काय मोजायचं ते मोजा. साडेतीन हात भरेन," असं म्हणून त्यांनी भिंतीला हात लावला, दुखरा गुडघा उचलला आणि दोघींच्या देखत चटई ओलांडून दाखवली. पुढे रोज, कुणी बघत असलं की, हाच प्रयोग. आई म्हणायची, "बघ, आले समुद्र ओलांडून." थोरलीनं हे ऑफिसात साभिनय सांगितलं तेव्हा आरशासकट चौदा माणसं हसली होती.

बेचाळीस दिवसांनी, एका दुपारी, वडील खुर्चीत बसल्या बसल्या गेले. चष्मा नाकावर, वर्तमानपत्र मांडीवर. जसं एखाद्यानं भरल्या नाटकातून, कुणाला धक्का न लावता, मागच्या दारानं निघून जावं.

थोरली नवव्या दिवशी कामावर आली. रडली नव्हती. लोक तिच्याकडे बघून आवाज खाली आणत, आणि तिला वाटे, हे कुणाबद्दल बोलतायत? चहानं जीभ भाजली तरी दुसऱ्या दिवशी साल निघालं तेव्हाच कळे. आकडे मात्र बरे होते. आकड्यांना सांत्वन करता येत नाही. तिनं घरच्या चटईचे बेचाळीस दिवस उघडले आणि एकेक बघायला घेतले.

रोज पहाटे पावणेसहाच्या सुमाराला आई न्हाणीघराकडे जाई. लहान, घाईची पावलं. आणि त्यांच्या मागून, दोन हातांच्या अंतरानं, आणखी पावलं. जड. उजवं ठाम, डावी टाच उशिरा टेकणारी.

हजारो पावलं बघितलेली बाई ती. विंगेत उभ्या असलेल्या नटाला जोडीदाराची चप्पल वाजली की वर मान करावी लागत नाही, तसंच झालं. तिनं दुसरा दिवस उघडला, तिसरा, दहावा. बेचाळीसही सकाळी तेच. दिवसाढवळ्या चटई ओलांडणारा माणूस पहाटे तिच्यावरून बायकोच्या मागे चालत होता. आणि यंत्रानं दोघांना एकच समजून खाली शेरा मारला होता : चाल स्थिर. चार पायांच्या माणसाची चाल स्थिर असणारच.

कप्तान तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. "ताई, हे दुसरं कोण?"

"बाबा."

"म्हणजे चटई दोघांत फसली!" तो जवळजवळ नाचलाच. "ताई, हे सोनं आहे. मंगळवारी इस्पितळाची माणसं येतायत. हेच दाखवू. पडणाऱ्याच्या मागे सांभाळणारा चालतो, हे कुणाकडेच नाहीये." मग त्याच्या लक्षात आलं. "सही आहे ना त्यांची?"

"नाही."

"पण ते स्वतःच म्हणाले होते ना, मेल्यावर मोजा..." तोंडातून गेल्यावर त्यानं जीभ चावली. खाली पंप फुस्स करत राहिला. "चुकलो, ताई." आणि हळूच, "पण म्हणाले होते ना?"

गाईडबाईंपुढे तिनं सगळं मांडलं. बाई साठीच्या, मोजकं बोलणाऱ्या. म्हणाल्या, "मी विद्यापीठाच्या नैतिकता समितीला विचारू शकते. पण समिती तुम्हालाच विचारेल, ते खरं बोलले की थट्टेत? तुम्ही जे सांगाल ते लिहून घेतील. तुम्ही दोघी सोडून तिसरा साक्षीदार नाही."

म्हणजे एका शब्दाचं काम. 'खरं' म्हटलं की प्रबंधाचं प्रकरण उभं, सहा महिने वाचले, कप्तानचा मंगळवार साजरा. आणि तिला कुणाला सांगता आलं नसतं ते म्हणजे, ती पावलं राहिली असती. 'थट्टा' म्हटलं की बेचाळीसही सकाळी पुसायच्या. एकही त्यांच्याशिवाय नव्हती.

ती घरी गेली. आई टेबलाशी बसून उशीच्या अभ्र्याला बटण लावत होती.

"आई, तुला एक ऐकवू?" तिनं दोन्ही हातांची बोटं टेबलावर ठेवली आणि आकड्यांत पाहिलं होतं तसं वाजवलं. टक-टक, टक-टक. मागून धप्, मग जरा थांबून धप्.

आईची सुई थांबली. "ही मी. आणि हे ते."

"तुला माहीत होतं?"

"न कळायला काय झालं? चोरासारखे यायचे आणि हत्तीसारखे वाजायचे. मागे मी दाराशी घसरले ना, तेव्हापासून."

"बोलली नाहीस कधी?"

"बोलले असते तर म्हणाले असते, मला काय करायचंय, मी पाणी प्यायला उठलो होतो. आणि दुसऱ्या दिवसापासून बंद."

"मंगळवारी इस्पितळाच्या माणसांना हे भिंतीवर दाखवायचं म्हणतायत, नाहीतर सगळं पुसायचं. आई, ते म्हणाले होते ना, मेल्यावर मोजा."

"ते काय, काहीही म्हणायचे. मी मेल्यावर भिंतीला हिरवा रंग द्या. मी मेल्यावर तुझ्या बहिणीकडे राहायला जा. तीस वर्षं भिंत पांढरीच आहे ना?"

"म्हणजे थट्टा करायचे."

"थट्टा कसली? नाही म्हणायची रीत होती त्यांची. मेल्यावर म्हणजे नको."

थोरली टेबलावरच्या आपल्या बोटांकडे बघत राहिली. "पुसलं तर काहीच राहणार नाही."

"माझ्यापासून लपवून करत होते, बाळ. ते चार परक्या माणसांना भिंतीवर दाखवलेलं चालेल त्यांना?" आईनं दातानं दोरा तोडला आणि बटण ओढून बघितलं.

दुसऱ्या दिवशी ती पुसायला बसली. प्रत्येक सकाळीला यंत्र विचारी, नक्की पुसायचं? ती हो म्हणे. हातांना काही वाटत नव्हतं. नुसते हातच काम करत होते. कप्तान शेजारी येऊन बसला. त्यानं बिस्किटाचा पुडा तिच्याकडे सरकवला. शेवटच्या सकाळीवर ती आली तेव्हा म्हणाला, "ताई, एक ठेवा. कुणी विचारणार नाही. मंगळवारचं मी बघतो."

"मोजणीखात्यातला माणूस होता रे. एक खुंटी इकडची तिकडे झाली तरी जेवायचा नाही." तिनं हो दाबलं.

शनिवारी तिनं कागद भरला. डावीकडे : दोन माणसं पाठोपाठ चालली की चटई त्यांना एक धरते आणि एकट्याच्या चालीला खोटंच स्थिर म्हणते, सुधारायला हवी. उजवीकडे : बेचाळीस सकाळी वगळल्या, त्या व्यक्तीनं नकार दिला होता. कप्ताननं सही केली. गाईडबाईंनी कागद दोनदा वाचला, सही केली आणि विचारलं, "चहा घेणार?"

"नको."

चाचणी पुन्हा पहिल्यापासून. बोळात तीच चटई, यावेळी संमतीचे कागद दोन, एक आईचा आणि एक तिचा. ती आईकडे राहायला आली होती. पहिल्या दिवशी पहाटे आई उठली तशी तीही उठली आणि दोन हात अंतर ठेवून मागे निघाली.

आई थांबली. मागे न बघताच म्हणाली, "मागून नको येऊस."

"का गं?"

"मागून दुसरं कुणी आलेलं नको मला. पुढे हो. दिवा लाव."

बोळ अरुंद होता. थोरली अंग चोरून आईच्या पुढे गेली. आईनं तिच्या खांद्यावर हात ठेवला, इस्पितळातली माणसं ठेवत तसा, आणि नेहमीपेक्षा थोडा जास्त भार टाकला. पायांखाली चटई गार होती. थोरलीनं भिंतीवर चाचपडत दिव्याचं बटण शोधलं.