‘नवीन काही नाही’ म्हणणारा मेहुणा

गोंदिया जिल्ह्यात डोकं फिरवणाऱ्या माणसांची कमी नाही, पण एकही वाईट शब्द न वापरता माझं डोकं फिरवणारा माणूस एकच, माझ्या बायकोचा मामेभाऊ. नागपूरच्या एका इस्पितळात तो मेंदूच्या चित्रांवर संशोधन करतो. संशोधन म्हणजे काय, तर एमआरआयच्या मशीनीतून निघालेली मेंदूची चित्रं दिवसभर पाहत बसायचं. त्यातही एकाच आजाराची, मल्टिपल स्क्लेरोसिसची. या आजारात शरीराची राखण करणारी फौजच उलटते आणि मेंदूतल्या नसांवरचं आवरण कुरतडते. जिथं कुरतडलं तिथं चित्रात पांढरा ठिपका दिसतो. मेहुणा रोग्याचं मागचं चित्र आणि आताचं चित्र शेजारी शेजारी ठेवतो आणि नवा ठिपका शोधतो. नाही सापडला की म्हणतो, “नवीन काही नाही.” त्याच्या कामात याहून मोठी आनंदाची बातमी नसते म्हणे. नसेल बापा! पण ही बातमी तो गावभर देत फिरतो, त्याचं काय करायचं?

आमगावात माझं भांड्यांचं दुकान आहे. ते मी सगळं नव्यानं केलं. काच लावली, दिवे लावले, पाटी बदलली, पाच पाहुणे चहाला बोलावले. हा आला, मान वळवून चारी भिंती पाहिल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाला, “नवीन काही नाही.” आमच्या पुतण्याच्या लग्नात मुलीचा बाप स्वतः पंगतीत फिरून विचारत होता, “पाहुणे, जेवण कसं झालं?” हा म्हणाला, “मागच्यासारखंच.” मागचं म्हणजे त्या बापाच्या मोठ्या मुलीचं लग्न, जिथं भात कच्चा राहिला होता आणि अर्धं वऱ्हाड उपाशी परतलं होतं! ही आमच्या पाहुण्याची तारीफ आहे हो, असं त्या माणसाला हात जोडून समजावता समजावता माझा घसा बसला. आणि बारशाला? पाळण्यात वाकून बाळाकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, “आधीचं काही नाही, त्यामुळे आत्ताच काही सांगता येत नाही.” बाळाची आजी अजून माझ्याशी बोलत नाही. माझ्याशी! बोलला कोण आणि भोगतं कोण?

पण सगळ्यात मोठा छळ मंडईच्या फोटोचा. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. पाळणे, जिलेबीची दुकानं, माहेरी आलेल्या लेकी. माझी सासुरवाडी अर्जुनी मोरगावच्या बाजूला आहे, तिथल्या मंडईला सगळं खानदान जमतं आणि मेहुणा दर वर्षी त्याचा फोटो काढतो. काढू दे ना. पण हा अंगणात चुन्याच्या खुणा करतो! मागच्या वर्षी जो जिथं उभा होता, त्यानं तिथंच उभं राहायचं, हनुवटी तेवढीच वर. डोकं जरा कलतं झालं की मागचं चित्र आणि आताचं चित्र जुळत नाही, हे तो मशीनीतून शिकलेला. जिलेबी खाणाऱ्या काकांचं डोकं दोन्ही हातांनी धरून सरळ करतो. “काका, मान हलली.” काकांच्या धोतरावर पाक. मोबाइल बरोबर त्याच उंचीवर दुसऱ्या कोणाला धरता येत नाही, त्यामुळे आजवरच्या एकाही फोटोत तो स्वतः नाही.

आणि मग माझ्या बायकोचेच पाय गेले. आधी एका डोळ्यानं धूसर दिसायला लागलं, मग पाय बधिर. काय काय ऐकलं तिनं! “रोवणा आला का हिचे पाय दुखतेत,” ही जाऊबाई. गावातल्या डॉक्टरनं कमजोरी म्हणून सलाईन लावली. एकीनं लिंबू उतरवलं. धान रोवायला चिखलात उतरायचा कंटाळा येतो म्हणून कोणाचा डोळा अधू होतो का हो? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. मेहुण्याला कळलं तसा तो आला. तिला अंगणात चालायला लावलं, डोळ्यांसमोर बोट फिरवलं आणि तडक गाडीत बसवून नागपूरला नेलं. मशीन झालं, तपासण्या झाल्या, आणि मग त्यानं तिच्या तोंडावर सांगितलं, “ताई, ज्या आजारावर मी काम करतो ना, तोच तुला आहे.”

बस्स! घाबरू नको नाही, सगळं ठीक होईल नाही. वाटलं, एक ठेवून द्यावी कानाखाली. पण बायको त्याच्याकडे पाहत म्हणाली, “मंजे मी सोंग नोती करत ना?”

“नाही.”

“मंग झालं,” ती म्हणाली, आणि परतीच्या वाटेवर गाडीत अशी गाढ झोपली की आमगाव आलं तरी उठेना.

सासूबाईंना, म्हणजे त्याच्या आत्याला, मशीन हाच इलाज वाटला. “पाह्य ना, कसा चेहरा उजळला पोरीचा! आणखी एकदा घाल मशीनीत.”

“आत्या, कॅमेरा होय तो!” हा ओरडला.

“मंग येवढा खडखड कायले करते?”

यावर तो शहाणा गाडीची किल्ली शोधायला लागला, तेवढंच मला समाधान.

नवे ठिपके येऊ नयेत म्हणून औषध सुरू झालं. यंदा दिवाळीआधी दुसऱ्यांदा मशीन झालं. नवा ठिपका असेल तर औषध लागू पडलेलं नाही, हे आम्हाला सांगून ठेवलेलं. मेहुणा म्हणाला, दोन्ही चित्रं नीट पाहतो आणि मंडईला येऊन सांगतो. माझा जीव टांगणीला. आला मंडईला, आणि काय केलं? चुना घेऊन खुणा करत बसला!

बायको तिच्या खुणेवर उभी राहिली. ऊन चढलं होतं, काकांची मान सरळ होत नव्हती. एकाएकी तिचे गुडघे थरथरले. मी धरलं, धावत खुर्ची आणली. तर हा ओरडतो, “खुर्ची नको!”

मग माझी सटकली. “अरे, माणूस आहेस का मशीन? तिचे पाय जाताहेत अन् तुला फोटो जुळवायचा आहे?”

“तुमी गप बसा जी,” बायको म्हणाली.

मेहुण्यानं पायानं खुणा पुसल्या. सगळ्या. तिला पडवीच्या सावलीत नेलं, सतरंजी टाकली आणि म्हणाला, “एकटी ताई खुर्चीवर नाही बसणार. सगळे खाली बसा.”

“माहे गुडघे?” सासूबाई कळवळल्या.

“बस, आत्या. मी धरतो.”

“आणि मागच्या फोटोशी जुळणार कसं?” मी टोमणा मारलाच.

“चुलीत गेलं जुळणं!” तो किंचाळला. इतक्या वर्षांत त्याला चिडलेला मी पहिल्यांदा पाहिला. मोबाइल त्यानं टायमर लावून विटेला टेकवून ठेवला, धावत येऊन बायकोशेजारी बसला आणि समोर पाहतच हळूच म्हणाला, “ताई, काल पुन्हा पुन्हा पाहिलं. नवीन काही नाही.”

“मंग पाय काऊन गेले?”

“उन्हानं. जुन्या ठिपक्याच्या जागेले गरमी सोसत नाही. अंग थंड झालं का पाय परत येतील.”

तेवढ्यात फोटो निघाला. तो वाकडा आला आहे. काकांचं डोकं अर्धं कापलं गेलं, सासूबाई जिलेबीकडे पाहताहेत, मेहुणा पुसट आहे, आणि माझ्यासारखा तापट माणूस तोंड उघडं टाकून लहान मुलासारखा रडतो आहे. बायको तेवढी सरळ पाहते आहे, हनुवटी बरोबर मागच्याइतकीच वर. तो फोटो मी दुकानात गल्ल्याच्या मागे लावला आहे. गिऱ्हाईक विचारतं, “वहिनी कशा आहेत?” मी म्हणतो, “नवीन काही नाही.” बिचाऱ्याचा चेहरा पडतो. पण पटकन तोंडात तेच येतं, काय करू?

पुढच्या दिवाळीआधी ती पुन्हा मशीनीत जाईल आणि मी पुन्हा बाहेरच्या बाकावर बसेन. मेहुण्यानं माझ्या दुकानाला, व्याह्यांच्या पंगतीला, मला स्वतःला वाटेल ते म्हणावं, चारचौघांत म्हणावं. फक्त त्या दारातून बाहेर येऊन त्यानं तेवढंच म्हणावं, जे मागच्या वेळी म्हणाला होता.